बोल्टचा की वेल्डिंगचा?

रोल केजचं विचारतोस, तर ऐक. गेल्या वर्षी मी सरळ रस्त्यावरच्या ड्रॅग रेससाठी जुनी गाडी तयार केली. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा लागतो. तो बसवायला इस्लामपूरहून उंब्रजच्या एका मिस्त्रींकडे गेलो.

"बोल्टचा करू का वेल्डिंगचा?" मिस्त्रींनी विचारलं. "वेल्डिंगचा लय मजबूत, पण मागची शिटं कायमची जातील. घरच्यास्नी कवा फिरवायचं असंल तर बोल्टचा बरा."

"घरी कुणी नाही. आई होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली."

मिस्त्रींनी टेप काढून छताचं माप घेतलं. मग म्हणाले, "वेल्डिंगचाच करू."

रेसला गाडी सरळ सुटली, पहिल्यांदाच जिंकलो. आजूबाजूला जो तो आपल्या माणसांना मिठ्या मारत होता. मी फोन काढला, पण सांगायचं कुणाला? शेवटी मिस्त्रींनाच लावला.

"मिस्त्री, जिंकलो! पिंजरा जराही हलला नाही."

"पिंजऱ्याचं ऱ्हाऊ द्या. तुमी जेवलासा का?"

"व्हय, जेवलो," म्हटलं.

खोटंच सांगितलं, गड्या. मग फोन ठेवला आणि वडापावच्या गाड्यावर एकटाच उभा राहून जेवलो.