उगाळलेला रुपया

संदेश : नाही काका, असं नसतं. तुम्ही जुना रुपया दिलात, मी त्याच सालचा चांगला दिला, वरचे पैसे तुम्ही भरलेत. दिवाळीच्या आधीची गोष्ट. तो जुना मी अजून दुकानात डबीत घालून थोडाच ठेवणार?

मोरेश्वर : जपून ठेवलास असं मी म्हणतच नाही. कुठे गेला, एवढंच सांग.

संदेश : झिजलेल्यांच्या पिशवीत गेला असणार. राणीछाप, अठराशे बासष्ट सालचा. त्या सालचे तर ढिगाने येतात. आणि तुम्हीच बोललेलात, ह्याची कड गेलीय, संग्रहात शोभत नाही.

विनिता : असं बोललात तुम्ही?

मोरेश्वर : विनिता, ती आमची बोलायची पद्धत असते गं. एका सालाचं एकच नाणं ठेवायचं आणि ते मिळेल तेवढं सरस. चांगलं मिळालं की उतरलेलं काढून टाकायचं. नोकरी लागल्यापासून हेच करत आलो. खरं सांगतो, तुझा रुपया गेला असं मला वाटलंच नाही. त्याच्या जागी त्याच टांकसाळीचा, राणीच्या माळेचा मणी न् मणी दिसणारा आला ना.

विनिता : तो तुमच्या संग्रहातला नव्हताच. माझ्या आईचा होता. देवघरातल्या डबीत होता. हरवेल म्हणून तुम्हीच तो अल्बममध्ये नेऊन ठेवलात.

संदेश : सॉरी हां काकू, पण त्यात खास काय होतं? म्हणजे कळलं तर शोधता येईल.

विनिता : आमच्याकडे तो बाळाच्या गुटीत उगाळतात रे. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ झालं की शेवटी रुपयाच्या कडेचा एक वळसा. आजीने आईसाठी उगाळला, आईने माझ्यासाठी, मी क्षिप्रासाठी. म्हणून एका बाजूने सपाट झालेला. ती कड कुठे हरवली नव्हती. आमच्या पोटात गेलीय.

मोरेश्वर : मला वाटलं कोणीतरी चांदी चोरायला घासलाय. पूर्वी घासायचे तसे.

विनिता : एकदा विचारायचंत. स्वयंपाकघरात तर होते मी.

संदेश : पण काकू, आता डॉक्टर गुटी नकोच म्हणतात ना? माझ्या बहिणीला तर सरळ ओरडलेले.

विनिता : क्षिप्रालाही नको म्हणाल्यात. आणि ती एरवी असलं काही मानत नाही. पण मुलगी झाली त्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन केला आणि पहिलं काय म्हणाली, तर आई, रुपया काढून ठेव, नुसतं बोट लावून चाटवू. रविवारी बारसं आहे. मी सहाण धुतली, ह्यांच्याकडे रुपया मागितला. ह्यांनी हातावर ठेवला. मी कड चाचपली, तर गोल.

संदेश : थांबा. पिशवी आहे. चांदी एवढी चढलीय ना, विठ्ठलवाडीपासून मानपाड्यापर्यंतची पब्लिक घरातले जुने रुपये आणून टाकतेय. दिवाळीपासून दोन खेपा वितळवायला, आटणीला गेल्या. ही पिशवी उद्या जाईल. तुमचा ह्यात आहे की त्या खेपांमध्ये गेला, सच में सांगता येणार नाही.

मोरेश्वर : ओत सगळे.

(संदेश काउंटरवर पिशवी उपडी करतो. तिघंही नाणी पसरतात.)

मोरेश्वर : जॉर्ज राजाचे बाजूला काढ. एडवर्डही. फक्त राणी राहू दे.

विनिता : हा बघा. एका बाजूने सपाट आहे.

मोरेश्वर : दाखव. बासष्ट. हाच की. विनिता, सापडला गं.

विनिता : थांबा. हाही तसाच आहे.

संदेश : काकू, हा पण बघा. आणि हा.

मोरेश्वर : सगळे बासष्टचेच, आणि एकाच बाजूने झिजलेले.

संदेश : मी समजायचो, पडून पडून असे होतात.

विनिता : पडून असे नाही होत. ह्या घरांमध्येही उगाळत असणार. मला वाटायचं, आमच्याकडेच.

मोरेश्वर : तू हातात घे. तुझ्या हाताला कळेल.

विनिता : रिक्षात हेच मनात म्हणत होते मी. पोत्यात घातला तरी माझा अंगठा ओळखेल. आता हे चार घेऊन बसलेय आणि चारही माझेच वाटतायत. क्षिप्रा रांगायला लागल्यावर ठेवून दिला तो ठेवूनच दिला. हात तरी किती लक्षात ठेवणार?

मोरेश्वर : मला बघू दे जरा. लोक माझ्याकडे नाणी घेऊन येतात, खरं कुठलं, नकली कुठलं विचारायला. भिंग दे रे. ह्यातल्या राणीच्या गालावर चरा आहे. तुझ्या रुपयावर होता का?

विनिता : आठवत नाही. तुमच्याकडे फोटो असेल. तुम्ही प्रत्येकाचा काढता.

मोरेश्वर : संग्रहात येणाऱ्याचा काढतो. तुझा तर जायचाच होता.

संदेश : काकू, चारही घेऊन जा. पैसे नको मला.

विनिता : नको रे. बाकीचे कोणाचे तरी आहेत.

संदेश : ते आता कोणाचेच नाहीत, काकू. उद्या आटतील.

मोरेश्वर : दोन दिवस थांबव की.

संदेश : थांबवून काय करू काका? त्यांना शोधत कोण येणार आहे? तुम्ही तरी आलात.

विनिता : मी हा एक घेते.

मोरेश्वर : हाच वाटतो तुला?

विनिता : नाही. जरा जास्त झिजलाय म्हणून घेतला.

मोरेश्वर : चुकलं माझं, विनिता. मला खरंच कळलं नाही.

विनिता : माहीत आहे. चला, क्षिप्रा वाट बघत असेल.

मोरेश्वर : तिला काय सांगशील?

विनिता : मी नाही, तुम्ही सांगा, हाच म्हणून. नाण्यांच्या बाबतीत बाबा खोटं बोलत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.