हौसाक्काच्या प्रदक्षिणा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. ते मागे खांबाला टेकलेले आजोबा — तुम्हीपण डोळे उघडा! झोप घरी गेल्यावर मिळेल, आख्यान मिळायचं नाही. आज मी आधी एक प्रश्न टाकतो. एक बाई आहे. रोज देवळात जाते, देवाला प्रदक्षिणा घालते. पण तोंडात देवाचं नाव नाही, मनात देव नाही. सांगा बरं — ही भक्ती की ढोंग?

"ढोंग." कोण बोललं? तुम्ही? बरं, बरं. ऐका आता.

साताऱ्याकडे डोंगरात सावरखिंड नावाचं गाव. गाव खाली खळग्यात, त्यामुळे तिथं फोनला रेंज नाही. फोन कशाला, तर पहाटेच्या गजराला! वर खिंडीत चढून गेलं की टॉवर मिळायचा, एवढंच. मग ग्रामपंचायतीनं भैरोबाच्या सभामंडपात फुकट वायफायचा डबा बसवला. झालं! ज्यांनी जन्मात देवळाची पायरी चढली नव्हती, ते सकाळ-संध्याकाळ मंडपात. भैरोबालाही वाटलं असेल, आपण अचानक जागृत कसे झालो!

त्याच गावात हौसाबाई सपकाळ. सगळे हौसाक्का म्हणत. नवरा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला, आणि एकुलती एक लेक सारिका लांब सुरतेला दिलेली. जावई गिरणीत कामाला, चांगला माणूस. सारिकाचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले, तर डॉक्टरांनी सांगितलं — पलंगावरून उठायचं नाही, प्रवासाचं तर नावच काढायचं नाही. म्हणजे लेकीला माहेरी येता येईना, आणि नवऱ्याला टाकून आईला तिकडं जाता येईना. आईच्या जिवाचं काय होत असेल, ते इथं बसलेल्या बायकांना मी सांगायला नको.

सारिकानं मागच्या दिवाळीला आईच्या फोनवर एक रिचार्ज मारून दिला होता. अशा प्लॅनचा, की फोन आपलं आपण बघतो. जवळ सार्वजनिक वायफाय आहे? ते धरतो. ते सुटलं, की टॉवर धरतो. मालकाला विचारत नाही, लाजत नाही. आपले पुढारी नाहीत का — ज्या पक्षाची रेंज, त्या पक्षात!

हसा, हसा. पण हौसाक्काला त्यात एवढंच कळलं होतं की देवळात लेक बोलते, वर खिंडीतल्या नाचणीच्या शेतातही बोलते. मधे ओढा लागतो, तिथं मात्र वायफाय नाही आणि टॉवरही नाही. रोज देवळातनं शेताकडं जाताना ओढ्याशी फोन तुटायचा आणि खिंडीत पुन्हा लागायचा.

देवळात निवांत बोलायचं कसं? बसलं की बाया येणार. "अक्का, कुणाचा फोन? काय म्हणते सारिका? कितवा लागला?" आणि ही गोष्ट तर गावात पसरायला नको होती — पहिल्या वेळी नजर लागली, ही भीती अजून मनात होती. मग हौसाक्कानं काय केलं? कानात वायरी घातल्या, वरनं पदर घेतला, आणि देवाभोवती फिरायला लागली. कारण आपल्याकडे प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईला कुणी मधे हटकत नाही!

फिरता फिरता ती हळू बोलायची. आज मेथीत डाळ घातली. शेजारची गाय व्याली. तुझ्या बापानं आज दोन घास जास्त खाल्ले. पलीकडनं सारिका म्हणायची, "आये, तू बोल. मी नुसती ऐकते." दिवसभर एकटी पडलेली पोर ती. तिला शब्दाशी काम नव्हतं, आवाजाशी होतं.

आणि गाव? गाव म्हणालं, हौसाक्काला भैरोबानं वेड लावलं! बघा ओठ सारखे हलतायत, नामस्मरण चाललंय. बाया तिच्या पाया पडायला लागल्या. एकीनं तर हळूच सांगितलं, "अक्का, माझ्या सुनेसाठी पण दोन फेऱ्या घाला." बिचारी हौसाक्का ओशाळून मान हलवायची.

तिथला पुजारी धोंडीबा गुरव. माणूस कडक. सोवळ्यात त्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही. एके दिवशी दुपारी तो गाभाऱ्यामागं फुलं वेचत होता आणि हौसाक्का जवळनं गेली. कानावर पडलं, "भिऊ नकोस लेकरा, मी हाय न्हवं." गुरवानं पदराखालची वायर बघितली. डोकं फिरलं त्याचं.

"हौसा, देवाला फसवतीस व्हय? एवढं दिवस सगळं गाव फसलं. बंद कर ते."

हौसाक्कानं हात जोडले. "धोंडीबा, उद्यापासनं पाय ठेवणार न्हाई हितं. आजचा दिस सोड. पोराचं ठोकं कमी झाल्यात. तिचं पोट फाडायला नेत्यात. आपरेशनच्या दारात पडलीय ती, माझं बोलणं ऐकत."

आणि नेमकी तेव्हाच गावातली लाईट गेली. मंडपातला डबा विझला. फोन तुटला.

मंडळी, त्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं आणा. लेक ऑपरेशनच्या दारात, एक पोर आधीच गमावलेलं, आणि आधार होता तो आवाज मधेच गेला. हौसाक्का रडली नाही. वळली आणि अनवाणीच खिंडीची वाट चालू लागली. उन्हानं वाट तापलेली, खडे पायात घुसतायत. आणि गुरव? त्यानं पायरीखालच्या तिच्या चपला उचलल्या — सोवळ्यातल्या माणसानं, मंडळी! — आणि तिच्या मागं धावला.

ओढ्याशी त्यानं तिला गाठलं. चपला पुढं ठेवल्या. तर ती मुक्या फोनात बोलतच होती. "सारिके, ओढ्यापाशी आली बघ मी. पाणी कमी हाय. आता चढ लागला. भिऊ नको."

गुरव म्हणाला, "अगं हौसा, फोन बंद हाय. तुझा आवाज जात न्हाई तिकडं."

ती चपला घालत म्हणाली, "जात नसंल. पर मला गप बसवत न्हाई."

गुरव म्हणजे सगळं आयुष्य पूजा केलेला माणूस. पण असं बोलणं त्याला देवापुढं एकदाही जमलं नव्हतं. चढावर तिचा तोल गेला, तेव्हा त्यानं हात दिला.

खिंडीत पोचले. फोननं टॉवर धरला. हौसाक्कानं नंबर लावला. तिकडं जावयानं फोन सारिकाच्या कानाशी धरला. आई काही बोलायच्या आधी लेकच म्हणाली, "आये, पोचलीस खिंडीत?"

हौसाक्कानं फोन कानाशी घट्ट दाबला.

सारिका म्हणाली, "नर्सबाई म्हणल्या, आईनं ठेवला वाटतं फोन. मी म्हणलं, न्हाई ठेवायची ती. चालत असंल. आता मी जाते आत. मला भ्या वाटत न्हाई."

आत नेली तिला. इकडं खिंडीत एका दगडावर आई आणि दुसऱ्या दगडावर गुरव, दोघं बसून राहिली. फोन मधे. कितीतरी वेळानं जावयाचा फोन आला, आणि त्यातनं नातीचं रडणं ऐकू आलं. मग मात्र हौसाक्का ढसाढसा रडली. गुरवानं तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का देवळाच्या बाहेरच थांबली. तर गुरव पायऱ्या उतरून आला. "आत ये. तू बोलत फिरायचीस, तवाच देवाभवती खरी प्रदक्षिणा पडायची."

आता बोला, ढोंग म्हणालेले पाहुणे! कळलं? लेकीसाठी तुटणारा जीव आणि देवासाठी तुटणारा जीव, ह्यांचं दुकान वेगळं नाही हो.

आपण काय करतो? संकटात देवाला हाक मारतो. उत्तर आलं नाही, की लगेच त्या नर्सबाईसारखं — ठेवला वाटतं देवानं फोन! अरे, सारिकासारखं म्हणून बघा एकदा. तो ठेवायचा नाही. चालत असेल. तापल्या वाटेनं तुझ्याकडंच येत असेल.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. तुमच्यापैकी कितीजणांची आई गावाकडं आहे? हात वर नका करू, मला दिसतंय. शेजारीण तिला विचारते, "काय हो, लेकाचा फोन नाही बरेच दिवसांत?" आणि ती म्हातारी तोंड भरून सांगते, "कामात असंल. रेंज नसंल. करंल तो." तुमची बाजू घेते ती! आणि तुम्ही? तुमच्या खिशात रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आहेत. चढ नाही, ओढा नाही, पायात खडा नाही. अंगठा तेवढा हलवायचा आहे.

गजर मागाहून करू. आरतीही थांबेल, देवाला घाई नाही. उठा, मंडपाच्या बाहेर जा आणि आधी तिला फोन करून या. मी आणि मृदंगवाले इथंच बसतो.