दारातली परकी गाडी

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला लई लाज वाटली. उदगीरला आमच्या घरासमोर रस्त्याकडेला चार्जिंग स्टेशन होणार होतं. वडलांनी गल्ली गोळा करून हरकत घेतली, "परक्यांच्या गाड्या आपल्या दारात कशाला?" स्टेशन रद्द झालं.

पुढं थोरल्या बहिणीला बघायला नांदेडचे पाहुणे आले, ते नेमके इलेक्ट्रिक गाडीत. परत जायला चार्जिंग न्हाई. शेवटी आमच्याच खिडकीतून वायर काढली. गाडी दारात, पाहुणे बैठकीत, संध्याकाळपर्यंत! सोयरीक ठरल्याबिगर मुलीकडं जेवायचं न्हाई, ही रीत. परत पोहे आले, तसे मुलाचे वडील हात जोडून वडलांना म्हणाले,

"आता जेवायलाच वाढा. पण होकार समजू नका."