माकडमडक्यांतली वस्ती

इमेल्डा : आई, माझी पेटी कुठंय? पांढरी. थर्माकोलची.

आई : उठलीस का? आधी चहा घे. गवायच्या सणाच्या आदल्या दिवशी कुणी असं दुपारपर्यंत लोळत पडतं का? शेजारच्या बायका येऊन विचारून गेल्या, विद्यापीठातल्या बाई उठल्या का म्हणून.

इमेल्डा : रात्री उशिरा आले ना गं. पेटी इथंच रांजणापाशी ठेवली होती, गारव्याला.

आई : ती होय! धुऊन परसात वाळत घातलीय.

इमेल्डा : धुऊन? म्हणजे? आतलं सगळं काय केलंस?

आई : चुलीवर आहे की. वाफ कशी सुटलीय बघ. छान होती हो मडकी, बुटकी, गोलमटोल. हल्ली बाजारात असली बघायला मिळत नाहीत.

इमेल्डा : चुलीवर?

आई : मग काय कपाटात मांडायची? माकडमडक्यांत भात नाही शिजवायचा तर काय फुलं ठेवायची? चिकट तांदूळ रात्रीच भिजत घातला होता, नारळाचं दूधही काढून झालं होतं. भात गुंडाळायची पानं तोडायला निघाले आणि तुझी पेटी दिसली. म्हटलं, पोरगी एवढी शिकली, पण गवायला आईसाठी मडकी आणायला विसरली नाही. डोळ्यांत पाणी आलं गं माझ्या.

इमेल्डा : अगं, ती भातासाठी नव्हती! घटपर्णीच्या वेलीवरून कापलेली मडकी ती, माझ्या अभ्यासाची. प्रत्येकावर नंबर चिकटवला होता मी!

आई : ती किंमत नव्हती? सेरियनच्या बाजारात चिकटवतात तशी? मी आपली मनात म्हणतेय, पोरीला चांगलंच लुबाडलं कुणीतरी.

इमेल्डा : आणि तोंडावर प्लास्टिक का बांधलं असेल, असं नाही वाटलं तुला?

आई : धूळ जाऊ नये म्हणून. बाजारातली माणसंही हल्ली स्वच्छता पाळायला लागलीत असं वाटलं मला.

इमेल्डा : संपलं. संपलं सगळं.

आई : अशी मटकन खाली काय बसतेस? रानात पुष्कळ उगवतात. जेवण झालं की जाऊ दोघी, टोपलीभर आणू.

इमेल्डा : नाही उगवत आता! टेकडीमागचं ते रान रस्त्यासाठी सपाट केलंय. मशीन एका टोकानं येत होतं आणि मी दुसऱ्या टोकाला गुडघाभर चिखलात उभी राहून मडकी कापत होते. हाती लागली तेवढी आणली. आई, त्यातल्या एका मडक्याच्या पाण्यात एक अळी होती. काचेसारखी आरपार दिसणारी, डोक्यावर दोन तांबडे ठिपके. ती कुठल्या जातीची ते मला सापडत नाही, माझ्या मार्गदर्शक रोस्नानी मॅडमना सापडत नाही, आमच्या विभागात कुणालाच सापडत नाही.

आई : मग फोटो काढायचा.

इमेल्डा : काढला. मागच्या खेपेला, पण धूसर आला. मॅडम म्हणाल्या, हा फोटो आहे की शिंक? गवायची सुट्टी संपली की जिवंत अळी टेबलावर ठेव, नाहीतर हा विषय सोड आणि दुसरा घे. दोन वर्षं घातलीत मी त्यात. त्या खेपेला अशाच अळ्या मिळाल्या होत्या, मी त्या गाळून नळाच्या स्वच्छ पाण्यात ठेवल्या, तर सकाळी सगळ्या मेलेल्या. म्हणून या वेळी मडक्यांना हातच लावला नाही, तशीच उचलून आणली. आणि तू त्यांचा भात केलास.

आई : मला काय माहीत, बाई. सांगून झोपायचं होतंस. मला वाईट नाही वाटत का?

इमेल्डा : पाणी? आतलं पाणी तू ओतलंस कुठं?

आई : मी नाही. तुझ्या बाबांना दिली मडकी. म्हटलं, ओढ्यावर जा, रिकामी करा आणि घासून आणा. एवढ्याशा कामाला इतका वेळ लावला त्यांनी की मला वाटलं, ओढा वाहत वाहत समुद्राला मिळेपर्यंत बघत बसलेत.

इमेल्डा : ओढ्यात! आता तिथं काय सापडणार मला?

आई : थांब, विचारते. अहो! अहो इमेल्डाचे बाबा! इकडे या जरा.

(बाबा मागच्या दारातून येतात. दोन्ही हात पाठीमागे.)

बाबा : काय गं? भात झाला? वास तर अंगणापर्यंत आलाय.

आई : सकाळी त्या मडक्यांतलं पाणी कुठं ओतलंत?

बाबा : पाणी? कुठलं पाणी? पाणी काय, ते असतं आणि जातं. आपण पितो त्या पाण्यातून कधीकाळी अजस्र सरडे पोहले असतील. विश्वाचा विचार केला तर—

आई : विश्व राहू द्या बाजूला. पोरगी रडकुंडीला आलीय.

बाबा : का? काय झालं तिला?

इमेल्डा : बाबा, त्या पाण्यात माझी अळी होती. माझं सगळं काम होतं. तुम्ही ते ओढ्यात कुठे ओतलंत तेवढं सांगा. वरच्या दगडांपाशी की खाली? एखाद्या डबक्यात साचलं असेल तर जाऊन बघते.

बाबा : तुझं काम होतं? मला वाटलं, गवायची मडकी आहेत.

आई : तेच तर. मलाही तसंच वाटलं.

बाबा : मी सांगितलं तर तू चिडशील.

इमेल्डा : आणखी किती चिडायची राहिलेय मी?

बाबा : मागच्या वर्षी ते तुझे भुंगे... त्यांना थंडी वाजेल म्हणून मी खोक्यावर दिवा लावला होता. तेव्हा तू म्हणालीस, बाबा, यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. शप्पथ घातलीस.

इमेल्डा : भाजले होते ते, बाबा.

बाबा : हो. म्हणून म्हणतो, मी हात लावायला नको होता. पण ही वस्तू तुझी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

आई : अहो, किती गोल गोल फिराल? बस चालवायचात तेव्हा तरी सरळ जात होतात.

बाबा : बरं, ऐका. ओढ्यावर बसलो. पहिलं मडकं उपडं करणार, तेवढ्यात सहज आत डोकावलो. आणि इमी, काय सांगू तुला! आत वस्ती होती. कुणी वर येऊन श्वास घेतंय, कुणी तळाशी गाळ उपसतंय, एक जण दुसऱ्याच्या मागे लागलाय. अख्खं गाव! त्यांच्या आकाशाला गोल कड आहे आणि त्या कडेच्या बाहेर काही असेल याचा त्यांना पत्ताच नाही. मी चर्चच्या पोरांसाठी ते अंतराळाचं नाटक लिहितोय ना? महिनाभर अडलो होतो. परका ग्रह कसा असेल तेच सुचत नव्हतं. आणि तो माझ्या हातात होता, तुझ्या आईनं घासायला दिलेला.

आई : म्हणून एवढा वेळ.

इमेल्डा : बाबा. ओतलंत की नाही?

बाबा : ओतवेना गं मला. एवढ्या मंडळींना बेघर करायचं, तेही ऐन गवायच्या तोंडावर? कॉफीच्या रिकाम्या बरण्या होत्या माझ्या खोपटात. त्यांत ओतलं.

इमेल्डा : काय?

बाबा : चिडलीस ना? मी म्हटलं होतं.

इमेल्डा : सगळं पाणी? एकाच बरणीत?

बाबा : छे! एका ग्रहाची माणसं दुसऱ्या ग्रहावर कशी सोडायची? भांडणं नाही होणार? प्रत्येक मडक्याला वेगळी बरणी.

इमेल्डा : गाळून?

बाबा : गाळबिळ, कुजकी पानं, सगळ्यासकट. घर म्हणजे घाणीसकट घर. फक्त ते नंबर तुझ्या आईनं आधीच सोलून काढले होते, म्हणून मी माझी नावं दिली. बसच्या थांब्यांची. सिबुरान, बेराटोक, तापाह, तारात...

आई : परग्रहांना सेरियनच्या रस्त्यावरच्या थांब्यांची नावं!

बाबा : मग काय झालं? आयुष्यभर त्याच थांब्यांवर तऱ्हेतऱ्हेचे जीव चढताना बघितलेत मी.

इमेल्डा : कुठायत बरण्या? चला. आत्ताच्या आत्ता चला.

बाबा : हळू, तिथं पायरी मोडलीय. आणि दार धाडकन उघडू नकोस, पाणी हलतं.

आई : मीही येते. भात पळून जात नाही.

इमेल्डा : यांच्यात काही घातलं नाहीत ना? साखर? बिस्किट? दिवा?

बाबा : काही नाही. खरंच नाही. नुसता बसून बघत होतो. सणाचं काहीतरी द्यावं असं फार वाटत होतं, पण भुंगे आठवले.

इमेल्डा : ही कुठली? सिबुरान. यात नाही. तापाह... डासांच्या अळ्या आहेत नुसत्या. तारात, नाही. ही? यातही नाही. बाबा, नाहीये ती. ओतताना सांडली असेल.

बाबा : थेंब सांडला नाही. बेराटोक बघ. मागे ठेवलीय, माझ्या चष्म्याच्या पलीकडे. तिथं एक जण विचित्र आहे. मी त्याला स्टेशनमास्तर केलंय. दोन तांबडे दिवे घेऊन उभा असतो.

इमेल्डा : द्या इकडे. उजेडात धरा. आई, सरक ना जरा.

आई : मला तर गढूळ पाणीच दिसतंय.

इमेल्डा : ती आहे. बाबा, ती आहे! पानाच्या खाली. पण हलत नाहीये.

बाबा : दुपारची वेळ आहे. पडला असेल जरा.

इमेल्डा : हलत नाहीये, बाबा. मघाशी हलत होती? तुम्ही बघितलंत?

बाबा : मघाशी तर चांगला फिरत होता. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं.

आई : मेरीमाते, एवढी कृपा कर. पुढच्या गवायला मडक्यांना हात लावणार नाही मी.

इमेल्डा : कुणी बोलू नका. (बरणीवर वाकते.) हलली.

बाबा : हलली ना?

इमेल्डा : हलली! शेपूट आपटून वर आली. श्वास घेतेय बघा. आई गं. आहे, जिवंत आहे.

आई : अगं, सापडली की आता! सापडल्यावर कशाला रडतेस? पूस ते डोळे. अहो, तुम्हीही? दोघं मिळून त्या बरणीत आणखी पाणी घालाल.

इमेल्डा : मला वाटलं, दोन वर्षं गेली. तुला बोलले त्याबद्दल माफ कर गं. घाबरले होते.

आई : बोललीस तर बोललीस. मी तुझं संशोधन वाफवलं, तू मला चार शब्द ऐकवलेस. फिटलं. आता मला हुश्श म्हणू दे जरा.

बाबा : इमी, एक विचारू?

इमेल्डा : विचारा ना.

बाबा : तुमच्या त्या सूक्ष्मदर्शकाखाली हा... म्हणजे ही केवढी दिसते?

इमेल्डा : माझ्या हाताएवढी.

बाबा : बापरे. आणि डोळे?

इमेल्डा : दिसतात. पोटात अन्न सरकताना दिसतं. काळीज धडधडताना दिसतं.

बाबा : काळीजसुद्धा! मग माझं नाटक फारच कच्चं आहे म्हणायचं.

आई : तुला ठाऊक नसेल, इमेल्डा. हे तुला पहिल्यांदा सामाराहानला, विद्यापीठात सोडायला गेले ना, तेव्हा फाटकाशी उभं राहून इमारती मोजत होते. यातल्या कुठल्या खिडकीत आपली पोर सूक्ष्मदर्शक घेऊन बसणार, म्हणून.

बाबा : ते कशाला सांगायचं आता?

इमेल्डा : बाबा, ही बरणी बसमध्ये हिंदकळेल. जमिनीवर ठेवता येणार नाही. कुणीतरी मांडीवर घेऊन बसायला हवं.

बाबा : मी धरतो की. त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ आहे मला, आधीच उचलून धरीन. फाटकाशी तुझ्या हातात देतो आणि परतीच्या बसनं येतो.

इमेल्डा : फाटकाशी नाही. आत यायचं माझ्याबरोबर.

बाबा : आत? प्रयोगशाळेत?

इमेल्डा : तिचे डोळे बघायचेत ना तुम्हाला?

बाबा : मी... मी हात खिशात ठेवीन. कशाला म्हणजे कशाला हात लावणार नाही.

इमेल्डा : खिशात कशाला? बरणी कोण धरणार मग?

आई : अहो, असे बघत काय बसलात? प्रयोगशाळेत घालायला तो चांगला निळा शर्ट काढून द्या, गरम पाण्यात भिजवते.