दाजी वकिलांची डुलकी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न — विसरणं हे पाप आहे का हो? चोरी पाप, लबाडी पाप, कबूल! पण नुसतं विसरलं तर? बघा, पुढचे आजोबा हसले — काहीतरी विसरून आलेले दिसतात!

तर खाडीकाठी एक गाव. तिथं दाजी परुळेकर वकील. कधी खोटं बोलायचे नाहीत — वकील असून बरं का! पण स्वभाव धुक्यासारखा. चालता चालता कुठं विरघळतील, नेम नाही!

त्यांच्याकडे आली भागीरथी तांडेल. तिचा नवरा लखू खाडीत तर चालवायचा — माणसं पैलतीरी नेणारी होडी. एका लाँचनं धडक दिली, होडी उलटली, लखू गेला. वर लाँचमालक गावभर सांगत सुटला — "तो प्यायलेला होता!"

भागीरथी म्हणाली, "वकीलसाहेब, भरपाई मिळो न मिळो. माझा माणूस शुद्धीत होता, एवढं कोर्टाच्या तोंडून वदवा."

दाजींचे डोळे भरले. दावा लिहिला, अक्षर मोत्यांसारखं! मुदतीच्या शेवटच्या दिवशी पिशवीत घालून निघाले. वाटेत सुरंगीचं झाड फुललेलं. काय तो वास! खाली पाणी चकाकतंय, फुलं अलगद गळतायत... "घटकाभर टेकतो." टेकले — आणि डोळा लागला! स्वप्नात एक होडी चाललेली. वल्ही बुडतात, पाणी हलत नाही, आवाज नाही...

जागे झाले तेव्हा ऊन पिवळं पडलेलं. धावले. कोर्टाला कुलूप!

मंडळी, खून केला? दरोडा घातला? छे, नुसती डुलकी! पण मुदत टळली, आणि लखू मेल्यावर दारुडा ठरला — तो कायमचा!

"तारीख पुढं गेली" म्हणायला काय जात होतं? पण दाजी थेट तिच्या अंगणात गेले. "भागीरथीबाई, दावा बुडाला. मी झोपलो."

ती जाळं शिवत होती. तिनं दोरा तोडला. मग म्हणाली, "माझा माणूस वल्ह्यावर कधी झोपला नाही हो, साहेब."

दाजींनी पाण्याकडं पाहिलं. वारा पडला होता, खाडी आरशासारखी. ते म्हणाले, "आता माझ्यावर दावा लावा."

"तुमच्यावर? चूक तर कबूल केलीत!"

"तरी लावा! माझ्यामुळं तुमचं काय बुडालं, हे ठरवायला कोर्टाला आधी विचारावंच लागेल — त्या दिवशी होडी कशी बुडाली? लखू शुद्धीत होता का?"

स्वतःच तिला सबनीस वकिलांकडे घेऊन गेले. सबनीस ओरडले, "दाजी, बागायत जाईल!"

"जाऊ दे. लिहा!"

दावा उभा राहिला. होडीतून वाचलेली माणसं साक्षीला आली. न्यायाधीशांनी निकाल वाचला — लखू तांडेल शुद्धीत होता, चूक लाँचची. दाजींनी भरपाई द्यावी. भागीरथीनं डोळे मिटून घेतले, जणू ते शब्द आत उतरवत होती.

दाजींची बागायत गेली. मग भागीरथीनं क्षमा केली? नाही हो! म्हणाली, "साहेब, राग आहे. जायला वेळ लागेल. पण आता माझी पोरं मान वर करून फिरतील. चला, तर सुटतेय." दोघं एकाच होडीत बसली. संध्याकाळचं सोनं पाण्यावर पसरलं होतं. होडी पलीकडच्या काठाकडं निघाली.

आता मंडळी, डोळे मिटा. विश्वासानं दिलेलं कुणाचं काम तुमच्या उशाखाली झोपलंय? आठवलं? मग माझ्या पाया पडत बसू नका, आधी त्याच्या दारी जा! देवाच्या दाराला मुदत नाही हो — माणसाच्या दाराला आहे!