बुल्तींचा उपास

...आणि वर मलाच विचारतात, 'बसयूनी, तुला काही दयामाया?' मला! तुम्हाला सांगतो, तळ्यातल्या बुल्तींचे, बुल्ती म्हणजे तुमची ती चिलापी हो, सहा महिने मी जे लाड केलेत ना, ते पोटच्या पोरांचे केले नाहीत. प्रथिनं तीस टक्के, मोजून. क जीवनसत्त्व वेगळं. पोटाला बरं म्हणून दाण्याला लसूण चोळलेला. दर पंधरा दिवसांनी वजन, माझं शेवटचं वजन कधी झालं, तर लग्नाआधी... आणि एवढं करून मी मागितलं काय? दोन दिवस. फक्त दोन दिवस उपास.

आता तुम्ही म्हणाल, माशाला कसला उपास? अहो, मासा जिवंत न्यायचा असतो कैरोला, ट्रकवरच्या टाक्यांतून. भरल्या पोटी निघाला की टाकीतच घाण करतो, पाणी नासतं आणि त्याच पाण्यात गुदमरून मरतो. मागच्या खेपेला वाटेतलं तांता शहर यायच्या आत अर्धी गाडी उताणी झाली. ट्रकवाला व्यापारी, मुअल्लिम दिसूकी, माझ्या फाटकात उभा राहून म्हणाला, "बसयूनी, पुढच्या वेळी मी स्वतः मासा चिरून बघणार. पोटात काही सापडलं, तर हे फाटक मी विसरलो." आणि आमच्या कालव्यावर जिवंत मासा नेणारा दुसरा माणूस नाही. तो विसरला की मी तळ्यात पोहायचं फक्त. म्हणून म्हटलं, दोन दिवस.

पण घरात सासूबाई आहेत ना. हज्जा नफीसा. बाई स्वतः दर सोमवारी-गुरुवारी रोजा धरते, रमजान तर सोडाच, तिला उपास समजायला नको? तर म्हणते कशी, "आपण माणसं, आपल्यावर रोजा फर्ज आहे. त्या मुक्या जिवांवर कुठल्या शेखनं फर्ज केला रे?" आणि मासेही काय एकेक नग आहेत, काठावर सावली पडली की शेकडो तोंडं वर, आ वासून, जशा काही तीन पिढ्या उपाशी आहेत. हज्जा तळ्याकडे निघाली की झगा एका बाजूनं फुगलेला. शेवटी झडती घेतली मी सासूची... बाहेर बोलू नका. तीन रोट्या निघाल्या, आणि पोरांचा केक.

"ठीक आहे," म्हणाली, "ते जेवणार नाहीत, तर मीही नाही." आणि बसली ओसरीवर, हात मांडीवर ठेवून. आता आई जेवत नाही म्हटल्यावर माझी बायको शादिया जेवेल? "आई उपाशी असताना मी चूल पेटवू? या हातांनी?" पोरांना शेजारी धाडलं जेवायला. मी म्हटलं, अगं, मग मी काय खायचं? तर म्हणते, "तुमचे मासे काय खातात?"

एक दिवस काढला मी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काढला. संध्याकाळी मात्र पाय आपोआप फथीच्या दुकानाकडे वळले. दहा तामिया घेतल्या, म्हणजे बाकल्याचे वडे हो, गरम, आतून हिरव्यागार, कोथिंबीर भरपूर, वरून तीळ... घरी तर नेता येत नाहीत, म्हणून तळ्याच्या टोकाला, पंपाच्या आडोशाला बसलो. पहिला घास घेतला आणि पाण्याकडे नजर गेली.

सगळे आलेले.

तुम्हाला सांगतो, सहा महिने मी त्यांना खायला घातलं, पण मला खाताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. लाज वाटली, खरंच लाज वाटली. म्हटलं, एवढ्या मोठ्या तळ्यात एक तुकडा म्हणजे काय? कुणाला कळतंय? मग दुसरा. जो पुढे आला त्याला द्यायचा आणि मागच्याला नाही, हा कुठला न्याय? चार मी खाल्ल्या. सहा त्यांनी.

सकाळी मुअल्लिम आला. एवढं तळं पडलंय, पण पहिलं जाळं कुठे टाकलं? पंपापाशी. का, तर मासा तिथे दाट होता. असणारच ना! त्यातला सगळ्यात गलेलठ्ठ उचलला, चिरला, अंगठ्यानं दाबला. हिरवं निघालं. वर तीळ. मुअल्लिमनं माझ्याकडे बघितलं, मी हज्जाकडे बघितलं, म्हणजे सवयीनं हो, आणि हज्जा वाकली, वास घेतला, म्हणाली, "ही फथीची तामिया आहे."

शादिया घराकडे वळली आणि सरळ चूल पेटवायला गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोन दिवसांनी येतो," मुअल्लिम म्हणाला, "ते या म्हातारीच्या तोंडाकडे बघून. हज्जा, तळ्यावर पहारा तुमचा. याच्यावर नजर ठेवा."

तेव्हापासून हज्जा खुर्ची टाकून काठावर बसलीय, हातात काठी. घरात चूल पेटलीय, सगळे जेवतात, भात, कांदा, तळलेली वांगी, वास इथपर्यंत येतो. मासे तोंड वर करून आले की त्यांना मायेनं म्हणते, "सबर करा लेकरांनो, दोन दिवस. फक्त दोन दिवस." मी ताटाकडे सरकलो की मलाही तेच म्हणते. फक्त लेकरू म्हणत नाही.