पंचफुलाबाईच्या हातचं

(अर्धापूरजवळच्या खेड्यातलं चर्च. ईस्टरच्या आदल्या दिवशीची दुपार. मागच्या खोलीत कीर्तनकार व्यंकटीबुवा आजच्या आख्यानाची तालीम करताहेत. पेटीवर त्यांची बायको बबिता.)

व्यंकटीबुवा: …म्हणून म्हणतो, मायबाप हो, मागं बसलेले पुढं सरका, लेकरं मांडीवर घ्या. आज तुम्हाला एका पोटाची गोष्ट सांगतो. लातूरच्या अंगाला होता एक सावकार. प्रभूनं दिलं होतं भरभरून, पण त्यानं देव मांडला होता गळ्याच्या खाली आन् कमरेच्या वर…

बबिता: थांबा. हा सावकार कोण?

व्यंकटीबुवा: असतोय एखादा. आख्यानाला माणूस लागतो.

बबिता: मग कीर्तनकार म्हणा. गाव अहमदपूर म्हणा. नाव व्यंकटी म्हणा.

व्यंकटीबुवा: तू सूर धर. काळी चार.

बबिता: धरते. आधी त्या शेंगा खाली ठेवा. बसल्यापासून टरफलांचा ढीग पडला पायाशी. आन् म्हणे उपवासकाळ.

व्यंकटीबुवा: चाळीस दिवस मटणाला शिवलो न्हाई मी.

बबिता: न्हाई शिवलात. त्याच्या बदली केळीचे घडच्या घड संपवलेत. प्रभूनं रानात उपास केला तो काय असा?

व्यंकटीबुवा: काय म्हणायचंय ते नीट बोल ना.

बबिता: नीटच बोलते. नाताळच्या कीर्तनाला ह्याच चर्चमधी, वेदीच्या पायरीवर, तुम्ही ओकलात.

व्यंकटीबुवा: हळू!

बबिता: कामून हळू? उपरणं मी धुतलं. पेटीच्या भात्यात गेलेलं मी काडीनं काढलं. अजून पेटी उन्हात ठेवली की वास उठतोय. बोटं ठेवायची शिसारी येते मला.

व्यंकटीबुवा: पोट बिघडलं होतं गं.

बबिता: बिघडलं कुठं? ठासलं होतं. मी समोरच बसले होते. पंचफुलाबाईनं आपल्या दोघांसाठी घरचा कोंबडा कापला, वेगळ्या भगुन्यात रांधला. आठ भाकरी खाल्लीत तुम्ही. हाडं फोडून फोडून चोखलीत. रस्सा कोपरापर्यंत वघळला, तो जिभेनं चाटलात. शेजारच्या भुजंगमामानं ताट उचलून दुसरीकडं नेलं, ते दिसलंसुद्धा न्हाई तुम्हाला. शेवटी ती वाढायला आली, तर भगुनंच घेतलंत तिच्या हातातून आन् बोटानं पुसलंत.

व्यंकटीबुवा: तुला राहिलं न्हाई का काही?

बबिता: ठेचा-भाकर. आज विचारताय? तसेच उठलात, मिशीला चरबी थिजलेली, आन् गव्हाणीतल्या बाळाचं पद लावलंत. दुसऱ्या कडव्याला…

व्यंकटीबुवा: पुरे. मलाच मळमळायला लागलं.

बबिता: मळमळू द्या. ओकलेलं मी पुसलं, झालं. पण नंतर विहिरीवर चूळ भरताना बोललात, ते कशानं पुसू? सगळं गाव जमलं होतं. “बाईचं कालवण शिळं होतं.”

व्यंकटीबुवा: लोक बघत होते बबे. तोंडातून निघून गेलं.

बबिता: आन् खोटं कोण पाडणार? त्या भगुन्यातला घास दुसऱ्या कुणाला मिळाला असता तर ना! मला ठाऊक होतं, पण नवऱ्याची अब्रू म्हणून मीबी गप्प बसले. त्याची किळस वेगळी.

व्यंकटीबुवा: तीन महिने झाले. विसरलं असंल गाव.

बबिता: उद्याच्या प्रीतिभोजनाला कोण रांधतंय, माहीत हाय? नांदेडचा केटरर. बावीस वर्षं ह्या मंडळीची चूल पंचफुलाबाईकडं होती. आता तिनं डबा आणला तर बाया झाकण उघडत न्हाईत.

व्यंकटीबुवा: मला कोणी बोललं न्हाई.

बबिता: तुमचं तोंड मोकळं सापडंल तवा बोलतील ना!

पंचफुलाबाई: बुवा, हाव का आत?

बबिता: या मावशी, आत या.

पंचफुलाबाई: न्हाई माय, उंबऱ्यातच बरी. प्यायला पाणी आणलंय. भुजंगच्या सुनेनं भरून दिलंय, म्या हात लावला न्हाई. ह्यो बगा, हंडाबी पदरानं धरलाय. बिनघोर प्या.

व्यंकटीबुवा: असं कामून बोलता बाई?

पंचफुलाबाई: रागानं न्हाई बोलले, बुवा. तुमाला आज गायचंय. माझ्यापायी पुन्हा तरास नको. लई इचार केला म्या. कोंबडा तर सांजंला कापला, तवाच शिजवला. मंग चुकलं कुठं? म्हणलं, भगुन्याची कलई गेली असंल. नांदेडला जाऊन कलई करून आणली. कोणी रांधू देईना, ती गोष्ट येगळी.

व्यंकटीबुवा: कालवण ताजं होतं.

पंचफुलाबाई: आँ? तुमीच तर मनला…

व्यंकटीबुवा: ताजं होतं, बाई. अहमदपूरला जाऊनसुद्धा चव आठवत होती मला. मी जनावरावाणी गिळलं, म्हणून ओकलो. लाज झाकायला तुमच्यावर ढकललं.

बबिता: मावशी, खाली बसा जरा.

पंचफुलाबाई: रोज गुडघे टेकत होते म्या. देवा, तुझ्या सेवकाला माझ्या हातानं इख गेलं, माफ कर मनून. रोज.

व्यंकटीबुवा: मला माफ करा. पाया पडतो तुमच्या.

पंचफुलाबाई: उठा, बुवा. हितं नगं. हितं तिघंच हाव आपण. इहिरीवर तुमी बोलला, तवा सगळं गाव होतं. येते म्या.

बबिता: गेली. हंडा पदरानंच उंबऱ्यात ठेवला, हात लावला न्हाई बघा.

व्यंकटीबुवा: बबे, सावकार राहू दे आज.

बबिता: आन् पुढं कीर्तनाला कोणी बोलावलं न्हाई तर?

व्यंकटीबुवा: तर न्हाई बोलावलं. संध्याकाळी पेटी उघडू नको. हे गाऊन सांगितलं तर गोड होईल, आन् गोड करायचं न्हाई मला.

(संध्याकाळ. तीच खोली.)

बबिता: चला आता, दिवेलागण झाली. चर्च भरलंय. मावशी दारात, चपलांपाशी बसलीय.

व्यंकटीबुवा: (वेदीच्या पायरीवर उभे राहून) मंडळी, आज पद न्हाई. नाताळात मी ह्या पायरीवर ओकलो आन् पंचफुलाबाईचं कालवण शिळं म्हणालो. मी खोटं बोललो.

भुजंगमामा: म्हंजी बाईनं शिळं वाढलंच न्हाई?

व्यंकटीबुवा: ताजं, मायेनं रांधलेलं वाढलं, भुजंगमामा. दोघांचं होतं. बायकोच्या वाटचं मी खाल्लं, भगुनं पुसून खाल्लं. तुम्ही ताट उचलून नेलंत, बरोबर केलंत.

भुजंगमामा: आम्ही तर त्या बाईच्या हातचं पाणी तोडलं, बुवा!

व्यंकटीबुवा: ते माझ्या जिभेनं तोडलं. पोटासाठी सुटलेली जीभ, तीच खोट्यालाबी सुटली. ती सुधारली असं सांगत न्हाई मी. आत्ता, हे बोलताना, कुणाच्या तरी घरून फोडणीचा वास येतोय आन् अर्धं मन तिकडं गेलंय. प्रभू बळ देईल, पण माणसंबी लागतात. उद्या मी वाढीन, शेवटच्या पंगतीला बसेन. तिसरी भाकर उचलली तर माझा हात धरा.

भुजंगमामा: केटररला आजच न्हाई म्हणून सांगतो. बाई, उद्या चूल पेटवाल ना?

पंचफुलाबाई: बगू. रातभर इचार करू द्या मला.

व्यंकटीबुवा: करा, बाई. आन् मंडळी, घरी जाऊन प्रार्थनेला बसाल तेव्हा माझं नाव आधी घेऊ नका. आधी पंचफुलाबाईला आठवा. तीन महिने माझ्या वाटणीची माफी ती मागत होती.